हणमंतच्या नावाचा दगड

त्या वर्षी आमच्या अंगणात छिन्नीचा आवाज सुरू झाला, तो दिवाळी तोंडावर आली तरी थांबला नव्हता. मी सांगलीला मावशीकडे राहून डिप्लोमा करत होते आणि दर शनिवारी एसटीनं घरी यायचे. रहिमतपूर सोडून आमच्या फाट्यावर उतरलं की उसातून येणारी वाट, आणि वाटेच्या निम्म्यातच तो आवाज कानावर यायचा. घरी पोचेपर्यंत त्याच्यात आईच्या भाकरी थापण्याचा आवाज मिसळलेला असायचा. शिवाप्पा हा पलूसकडचा पाथरवट आमच्याच सोप्यात मुक्कामाला होता. माणूस अंगानं काटकुळा, पण खर्डा आणि भाकरी अशी हाणायचा की आई कौतुकानं बघत बसायची. तो अंगणात बसून ज्या दगडावर काम करत होता, त्या दगडानं पुढं आमच्या घराचं नाव गावातून उतरवलं. त्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. माहेरचा विषय निघाला की मी हळद, ऊस, पाऊसपाणी असल्या गोष्टी बोलायचे.

आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन घरी आले होते. शेतात जातानासुद्धा दाढी केलेली, आणि चपलेला चिखल लागला तर पाटात धुऊन मगच घरात पाऊल. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर विहीर पाडली. आमच्या रानात वर मुरूम, त्याच्याखाली भोकाभोकांचा करडा दगड आणि त्याच्याही खाली काळा कुळकुळीत खडक. भोकांच्या दगडाला आमच्याकडं मांजऱ्या म्हणतात. काही भोकं मोकळी असतात, काहींत पांढरे चकाकते खडे बसलेले असतात. काळा खडक टणक, पण अंगभर चिरा पडलेला, त्यामुळं तो बाहेर यायचा तो तुकड्यांनी. मांजऱ्याला मात्र चीर नव्हती. त्याचा दोन पुरुष लांबीचा एक सलग तुकडा निघाला, पाटावर घातलेल्या पोळीसारखा अखंड. विहिरीला पहिला पाझर लागला तोही त्याच थरात. ज्या दगडाला पहिलं पाणी लागलं तो विकायचा नाही आणि कुंपणालाही घालायचा नाही, हा आमच्या घरचा रिवाज. माझ्या आज्यानं पाळला, आबांनी पाळला. तो दगड विहिरीजवळच्या जांभळाखाली बरीच वर्षं नुसता पडून होता.

हणमंत हा हौसाकाकूंचा एकुलता एक. काकू आमच्या मागच्या आळीला राहायच्या. काका लवकर गेले होते. चटणी करायच्या दिवसांत काकू आणि आई आमच्या परसात मिरच्या भाजायला बसायच्या, खोकत, शिंकत, एकमेकींना हसत. हणमंत आबांच्या हाताखाली वाढला म्हटलं तरी चालेल. भरतीच्या आधी सहा महिने आबा त्याला पहाटे कालव्याच्या कडेनं पळवायचे, स्वतः सायकलवर, आणि "हनमा, पाय उचल, झोपलास व्हय रं" असं ओरडत. तो भरती झाला तेव्हा आबांनी कंदी पेढे वाटले होते, काकूंच्या आधी. आणि तो सीमेवर कामी आल्याची बातमी आली तेव्हा काकूंना सांगायला गेले तेही आबाच. त्या दिवसापासून ते त्या आळीनं मान खाली घालून जायचे. आपण त्याला पळवलं नसतं तर, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं, आणि ते त्यांनी एकदा आईला बोलूनही दाखवलं.

गावानं शाळेच्या फाटकावर हणमंतच्या नावाची कमान उभारायचं ठरवलं. मारुतीच्या देवळात बैठक झाली, आणि दोन खांबांवर आडवा टाकायचा दगड कुठला आणायचा हा प्रश्न निघाल्यावर आबा उभे राहिले. "माझ्या विहिरीचा पहिल्या पान्याचा दगड हाय," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत हलवला न्हाई. हनमासाठीच ऱ्हायला असंल." बायकांच्या बाजूला बसलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला. तात्या, म्हणजे कमानीच्या कमिटीचे म्होरके, उठून आबांच्या पाया पडायला गेले आणि आबांनी त्यांना वरच्या वर धरलं. मी त्या दिवशी गावात होते. आबांची मुलगी म्हणून मान वर करून चालल्याचं मला आठवतं ते शेवटचं.

दगड वाजतगाजत अंगणात आला, बायकांनी हळदकुंकू वाहिलं आणि शिवाप्पा कामाला लागला. मांजऱ्या काही काळ्या दगडासारखा गुळगुळीत होत नाही. अक्षर कोरता कोरता मधेच भोक लागायचं आणि 'हणमंत'च्या 'ह'ची शेपटी त्यात पडायची. त्यावर पाथरवटांचा ठरलेला उपाय असतो. राळ वितळवायची, तिच्यात त्याच दगडाची भुकटी कालवायची, भोकं भरायची, घासायचं आणि वरून तेलात काजळी खलून चोळायची. शिवाप्पानं हे सगळ्यांच्या देखत केलं. त्यात लपवण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. "आता बगा, काळ्या काळवत्री दगडालाबी मागं टाकंल," तो म्हणाला. खरोखरच दगड असा दिसायला लागला की काकूंनी त्यात वाकून आपलं तोंड पाहिलं. टोकाचा एक तुकडा शिवाप्पानं मापासाठी छाटला होता. तो आबांनी मला दिला. "तुझ्या कॉलेजात दगड दाबत्यात म्हनतीस न्हवं? दाव तुझ्या सरांना. म्हनावं आमच्या विहिरीचा हाय." मी तो भाकरीच्या फडक्यात गुंडाळून एसटीतून सांगलीला नेला. कंडक्टरनं पिशवी उचलली आणि विचारलं, "काय गं, लगीन करून जात्यासकट निघालीस का?"

आमच्या प्रयोगशाळेत दगडातून पोकळ नळीच्या यंत्रानं दंडगोल कापून काढायचे. दोन्ही तोंडं सपाट घासायची, दाबयंत्रात उभा ठेवायचा आणि हळूहळू दाब वाढवत न्यायचा. एक काटा दाब दाखवायचा, दुसरा दगड किती आखडला ते. त्या दिवशी आधी कुणीतरी आणलेला काळा दगड लावला होता. त्याचा दुसरा काटा हलतो की नाही असं वाटावं इतका हळू सरकत होता, आणि खूप दाब चढल्यावर एकदम फटाका फुटावा तसा तो फुटला. मग माझा लावला. सुरुवातीपासूनच काटा भराभर सरकायला लागला. दगड आखडत होता, त्याच्यात तेवढा ताठपणाच नव्हता. काळ्यानं जेवढं ओझं घेतलं त्याच्या निम्म्यालाही तो पोचला नाही आणि दबक्या आवाजात, वाळकी काटकी मोडावी तसा, चिरत गेला. फुटलेले तुकडे जुळवून पाहिले तर चीर एका भोकातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलेली.

सरांनी मला नीट समजावून सांगितलं. पुढं तेच मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. भोक काही ओझं घेत नाही. त्याच्या वाटणीचं ओझं त्याला वळसा घालून कडेनं जातं, त्यामुळं भोकाच्या काठावरच्या दगडाला दुप्पट-तिप्पट सोसावं लागतं. भोकं जितकी जास्त तितक्या मधल्या भिंती पातळ, आणि एक भिंत गेली की तिचं ओझं शेजारणीवर. चपटी भोकं गोल भोकांपेक्षा वाईट. पाणी पिलेला दगड आणखी वाईट. "भिंतीला वापरा, जोत्याला वापरा, काही होणार नाही," सर म्हणाले. "खालून सगळीकडं आधार आहे तोवर तो चांगला आहे. पण आडवा टाकला की खालची बाजू ताणली जाते, आणि ताण तर चांगल्या दगडालाही सोसत नाही. हा कुठं बसवणार आहेत?" मी म्हटलं, शाळेच्या फाटकावर. सर चष्मा काढून पुसत बसले.

दिवाळीला घरी आले तेव्हा आई अनारसे तळत होती आणि आबा चुलीसमोर पाटावर बसले होते. मी सगळं सांगितलं. आबांना आधी राग आला. "एकबी चीर न्हाई त्याला," ते म्हणाले. "सलग हाय. तुझ्या मशिनला काय कळतंय?" मी काट्यांचं बोलायला लागले तर ते आणखी चिडले. मग मी ताटातला एक अनारसा घेतला. आईच्या अनारशाची जाळी अशी पडायची की आळीतल्या बायका पीठ दाखवायला यायच्या. दोन वाट्या पालथ्या घातल्या, त्यांच्यावर अनारसा आडवा ठेवला आणि बोटानं दाबला. तो मधोमध मोडला. शेजारी कालच्या कडक शंकरपाळ्यांची परात होती, त्यातली लांबशी एक तशीच ठेवली. ती काही मोडली नाही. मोडलेल्या अनारशालाही चीर नव्हती, एवढंच मी म्हटलं.

आबांनी अनारशाचे दोन तुकडे हातात घेतले आणि बराच वेळ मोडलेल्या कडेकडं बघत राहिले. "त्याच्याखालनं पोरं जानार," ते शेवटी म्हणाले. आई म्हणाली, "मंग काडून घ्या. सांगा गावाला काय हाय ते." आबांनी तुकडे ताटात ठेवले. दिलेला दगड, पूजा झालेला, वर पोराचं नाव कोरलेला. त्यांनी टोपी घातली आणि मागच्या आळीला गेले. काकूंच्या घरून ते परत आले तेव्हा आईनं वाढलेलं ताट निवून गेलं होतं. काय झालं, असं मी विचारलं तर म्हणाले, "तू ह्यातलं कुनाला एक अक्षर सांगायचं न्हाईस. मशिनचं न्हाई, दगडाचं न्हाई. तुला माझी आन हाय." आबा आण घालणाऱ्यातले नव्हते. त्यामुळं मी गप्प बसले.

पाडव्याच्या दिवशी देवळात बैठक होती. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "दगड मला माघारी पायजे." आधी लोकांना वाटलं चेष्टा आहे. तात्यांनी विचारलं, "का वं, हवालदार?" आबा म्हणाले, "माझा हाय म्हनून." "अवो, दिलाय न्हवं तुमी?" "दिलता. आता पायजे. सिमेंटची तुळई मी घालून देतो." मी खांबाला टेकून उभी होते. आबांच्या कपाळावरचा घाम मला तिथून दिसत होता. मला वाटलं, आता सांगतील, आता सांगतील. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं की दगडावर देणाऱ्याचं नाव टाकायचं राहिलंय, त्याची पोटदुखी आहे. हे खरं नव्हतं. नावाचा विषय आबांच्या डोक्यातही आला नव्हता. पण ते बोलणं लोकांना पटलं. मी आबांकडं बघितलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, नुसती मान खाली घातली, आणि गावाला ती कबुली वाटली. काकू बायकांत बसलेल्या होत्या. त्याही काही बोलल्या नाहीत. तात्या म्हणाले, "घेऊन जावा. आनि तुमचं सिमेंटबी नको आमाला."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दगड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातला. आबा पुढं ड्रायव्हरशेजारी ताठ बसले आणि दगड हलू नये म्हणून मला मागं बसवलं. रानाकडं जायचा रस्ता सगळ्या गावातून जातो. लोक दारात उभे होते. ट्रॉली समोर आली की टोपी काढून दगडाला हात जोडायचे, कारण त्यावर हणमंतचं नाव होतं, आणि मग माझ्याकडं पाठ फिरवून आत जायचे. एक लहान पोरगं हात जोडायचं विसरलं तर त्याच्या आईनं त्याचे हात धरून जोडले. मी दगडावरची दोरी धरून बसले होते आणि जमिनीनं फाटून मला आत घ्यावं असं वाटत होतं. दुपारच्या उन्हानं काजळीचं तेल सुटलं आणि माझ्या परकराला लागलं. तो डाग आईनं किती वेळा धुतला तरी गेला नाही, आणि परकर टाकूनही देता येईना, कारण दुसरा चांगला नव्हता.

आबांनी दगड पुन्हा जांभळाखाली, वाळू पसरून तिच्यावर नाव वर करून ठेवला. रोज सकाळी विहिरीचं पाणी त्यावर ओतायचे. गावात त्याचंही बोलणं झालं, हवालदारानं शहीद स्वतःच्या रानात नेला म्हणून. कमान झाली, सिमेंटची. उद्घाटनाला लाऊडस्पीकर आमच्या घरापर्यंत ऐकू येत होता. आईनं त्या दिवशी मुद्दाम खपली गव्हाची खीर केली, आणि आम्ही तिघं खाली बघत ती जेवलो. पंधरा ऑगस्टला झेंडा चढवायला आबांना बोलवायचे ते बंद झालं. त्या सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून सोप्यात बसायचे आणि भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं की जागच्या जागी उभे राहायचे. आईचं चटणीचं परस ओस पडलं. आमच्या घराला दगडवाले म्हणायला लागले. मला आष्ट्याहून स्थळ आलं तेव्हा मुलाच्या मामानं चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं, "त्येच का तुमी, ज्यांनी दगड माघारी घेतला?" आबा म्हणाले, "व्हय, त्येच." ते स्थळ तिथंच मोडलं.

मी मनात एक हिशेब मांडून ठेवला होता. आबांना मूर्ख ठरायचं नव्हतं. दगडातलं आपल्याला कळत नाही, आपल्या विहिरीचा दगड कुचका निघाला, हे सांगण्यापेक्षा त्यांनी अप्पलपोटा म्हणवून घेणं पसंत केलं. फौजी माणसाची घमेंड, दुसरं काय. त्यांच्या घमेंडीपायी आई एकटी पडली, मी खाली मान घालून फिरले. मला त्यांची लाज वाटायची आणि ती त्यांना दिसत असणार, कारण नोकरी लागल्यावर मी गावाकडं यायचे ती फक्त सणाला, तेही अंधार पडायच्या बेतानं, म्हणजे फाट्यावर कुणी भेटायला नको. आबा फाट्यावर सायकल घेऊन उभे असायचे. पिशवी कॅरियरला लावायचे आणि माझ्या पुढं दहा पावलं चालायचे, आपल्यासोबत कुणी मला बघू नये म्हणून.

आबा गेले त्याला आता बरेच दिवस झाले. मी निवृत्त झाले, आई माझ्याकडं असते. परवा रानाचं बघायला गावी गेले, तर फाट्यापासून नवा डांबरी रस्ता आणि पोरांच्या हातात मोबाईल. मला कुणी ओळखलं नाही याचं बरंच वाटलं. विहिरीवर बसले होते तेवढ्यात पुतण्याच्या सुनेचा हात धरून हौसाकाकू आल्या. वय इतकं की डोळ्यांना फक्त उजेड दिसतो. "शालन आलीया म्हनं," त्या म्हणाल्या. "मला दगडापाशी ने." जांभळाखाली मी त्यांना बसवलं. तेलकाजळी केव्हाच धुऊन गेली होती, राळ गळून पडली होती, आणि दगड पुन्हा मूळचा झाला होता, करडा आणि भोकाभोकांचा. त्यांनी नावावरून बोटं फिरवली. बोट एका भोकात गेलं, दुसऱ्यात गेलं.

"तुझ्या आबानं मला सांगितलंतं," त्या म्हणाल्या. "दिवाळीत आलता. म्हनला, वैनी, दगड पोकळ हाय, पोरं मरतील. मी म्हनलं, भावजी, काडा त्यो. पर माझ्या हनमाचं नाव हाय त्येच्यावर. हनमाचा दगड पोकळ निगाला असं गावात एकानं जरी म्हनलं तर मी इस्तवात उडी घीन. त्यो म्हनला, न्हाई म्हननार कुनी." त्यांचं बोट पुन्हा नावावर आलं. "मला वाटलं, चार दिस बोलतील नि इसरतील. गाव इसरलं न्हाई, आनि माझ्या तोंडातनं शब्द फुटला न्हाई. रोज ठरवायची, आज सांगीन. तुज्या आईच्या दारावरनं जाताना पदर तोंडावर घ्यायची मी, पोरी."

आबा मूर्ख ठरायला घाबरत नव्हते. ते कशालाच घाबरत नव्हते. मीच दहा पावलं मागं चालत होते, आणि ते पुढं चालत होते ते मला बरं वाटावं म्हणून. मला इतकी लाज वाटली की काकूंना दिसत नाही हे माहीत असूनही मी तोंड वळवलं.

"आता मी म्हातारी झाले," काकू म्हणाल्या. "आता मला कायबी लागत न्हाई. तू शिकलेली हाईस. म्हन आता माझ्यासमोर, दगड कसा हाय. मग गावालाबी सांग, मी जित्ती हाय तवर."

'पोकळ' हा शब्द मी वर्गात किती वेळा उच्चारला असेल याची मोजदाद नाही. फळ्यावर लिहिलाय, पेपरात विचारलाय, चुकवला म्हणून पोरांचे गुण कापलेत. काकूंचं बोट 'ह'च्या शेपटीतल्या भोकात होतं. मी तोंड उघडलं आणि मला तो म्हणता येईना.

"काकू," मी म्हटलं, "चांगला हाय."




"कवा हितं नाव बगाया आले, तर तुझा आबाबी आसंच म्हनायचा," त्या म्हणाल्या, आणि पदराच्या टोकानं दगड पुसायला लागल्या.